साग आणि सालाची सीमा शोधणारा कॅप्टन

नागपूरहून पश्चिमेला काटोल-अमरावतीकडे निघाले की पायाखाली काळी माती आणि तिच्याखाली काळा बेसाल्ट असतो. पूर्वेला भंडाऱ्याच्या दिशेने हा खडक संपतो आणि त्याहून कितीतरी प्राचीन असे स्फटिकी खडक सुरू होतात. शहराच्या मध्यावर असलेली सीताबर्डीची टेकडी काळ्या खडकाच्या या पूर्व कडेवरच उभी आहे. खडक बदलतो तशी माती बदलते आणि मातीबरोबर अरण्यही बदलते, ही गोष्ट मध्य भारताच्या बाबतीत ज्यांनी प्रथम बारकाईने टिपली, त्यांत कॅप्टन जेम्स फोर्सिथचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

फोर्सिथचा जन्म १८३८ चा. इंग्लंडमध्ये विद्यापीठाचे शिक्षण पूर्ण करून तो हिंदुस्थानात आला आणि बंगाल स्टाफ कोअरमध्ये दाखल झाला. १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत स्थापन झाला; राजधानी नागपूर. रेल्वेचे जाळे पसरत होते आणि रुळांखालच्या स्लीपरसाठी सागाची बेसुमार तोड चालली होती. उरलेले जंगल नेमके किती व कोणते, हेच सरकारला ठाऊक नव्हते. नव्या वनखात्याचे प्रमुख कॅप्टन पिअर्सन यांच्या हाताखाली फोर्सिथ या मोजदादीला लागला. १८६२ ते १८६४ या काळात त्याने सातपुड्यापासून अमरकंटकपर्यंतचा प्रदेश पालथा घातला. पचमढीला गोंड-कोरकूंच्या मदतीने त्याने बांधलेले बायसन लॉज आजही उभे आहे.

सरकारला हवी होती इमारती लाकडाची यादी. फोर्सिथने यादी तर केलीच, पण झाडे मोजता मोजता त्याच्या ध्यानात वेगळेच काही आले. पश्चिमेकडील अरण्यांत साग प्रमुख आहे, तर पूर्वेला मंडल्याकडे सालवृक्षाचे राज्य आहे. सागाला काळ्या खडकाचे वावडे नाही. साल मात्र तो टाळून वालुकाश्म, जांभा आणि प्राचीन स्फटिकी खडकांवरच्या जमिनीत वाढतो. साग इतर झाडांत मिसळून राहतो, साल सहसा आपल्याच जातीचा दाट समुदाय करून उभा असतो. सालाचे बी पावसाळ्याच्या तोंडावर पिकते आणि पडताच रुजते. तोवर उन्हाळ्यातले वणवे विझलेले असतात. एखादे झाड एका प्रदेशावर सत्ता का गाजवते, याचे इतके सोपे उत्तर क्वचितच मिळते.

याहून महत्त्वाचे निरीक्षण प्राण्यांविषयीचे आहे. सालवनाबरोबर बारशिंगा आणि लाल रानकोंबडा येतो, सागाच्या मुलखात राखी रानकोंबडा. ही जोडी योगायोगाची नव्हे, याचा पुरावा त्याला पचमढीच्या पायथ्याशी देनवा नदीच्या खोऱ्यात सापडला. मुख्य सालपट्ट्यापासून शंभर मैलांहून अधिक दूर, सागाच्या प्रदेशात सालाचे एकाकी बेट उभे होते, आणि त्या बेटात बारशिंगा व लाल रानकोंबडा दोघेही होते! झाड, जमीन आणि प्राणी यांचा एकत्र विचार करणारे शास्त्र तेव्हा नावालाही जन्मलेले नव्हते.

फोर्सिथला आजच्या अर्थाने निसर्गप्रेमी म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल. तो नामांकित शिकारी होता. त्याचे पहिले पुस्तक बंदुकीवर आहे. आदिवासींकडे पाहण्याची त्याची दृष्टी राज्यकर्त्याची होती. जंगलांची प्रतवारी झाली, की कोणते राखायचे आणि कोणाला बाहेर काढायचे हेही सरकारच ठरवू लागले. बैगांची बेवर शेती आक्रसत १८९० मध्ये मंडल्यातील एका ‘बैगा चक’पुरती उरली, ती याच वाटेने.

पुढे निमाडचा डेप्युटी कमिशनर झालेला फोर्सिथ १ मे १८७१ रोजी लंडनमध्ये वारला. तिशी नुकतीच ओलांडली होती. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा त्याचा ग्रंथ त्याच वर्षी, पण त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

अरण्यांचे रीतसर वर्गीकरण व्हायला आणखी पासष्ट वर्षे लागली. हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये ते मांडले आणि १९६८ मध्ये एस. के. सेठ यांच्यासह सुधारून देशातील वनांचे सोळा गट केले. आपली पेंच-ताडोबाची सागवने त्यात शुष्क पानझडी गटात, तर कान्ह्याची सालवने आर्द्र पानझडी गटात मोडतात. फोर्सिथने पायी फिरून पाहिलेला भेद असा शास्त्राच्या चौकटीत बसला.

देनवा खोऱ्यातले बारशिंगे मात्र तोवर नामशेष झाले होते. मध्य भारतातील त्यांचा शेवटचा आसरा असलेल्या कान्ह्यातही १९७० मध्ये अवघे ६६ उरले. तेथे जपणूक होऊन संख्या वाढल्यावर २०१५ मध्ये त्यांतील काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात, बोरीच्या जंगलात नेऊन सोडण्यात आले.