सर विश्वेश्वरय्या : सुरुवात नाशिकला, डोकं पाटाच्या पाण्यात

दरवर्षी १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो. शहरात सभा होतात, सत्कार होतात. पण ज्यांच्या जन्मदिवसाचा हा कार्यक्रम, ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नोकरीला पहिल्यांदा रुजू झाले ते आपल्या नाशिकात, आणि त्यांचं नाव झालं ते धरणाच्या आणि पाटाच्या पाण्यावर. तेव्हा हा दिवस शहरातल्या साहेबांइतकाच पाटाच्या शेवटाला पाळीची वाट बघत बसणाऱ्या शेतकऱ्याचाही आहे. म्हणून त्यांची हकिकत आज आपल्यासमोर ठेवतो.

विश्वेश्वरय्या मूळचे कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळी गावचे. वडील संस्कृतचे पंडित, पण घरची परिस्थिती बेताची आणि वडीलही लवकर गेले. मुलानं बंगळूरला शिकवण्या घेऊन स्वतःचं शिक्षण केलं आणि १८८१ साली बी. ए. झाला. पुढे म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आला. १८८३ मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला आला आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहाय्यक अभियंता म्हणून लागला. पहिलं ठाणं नाशिक.

नाशिकहून त्यांची खानदेशात बदली झाली. तिथे पांझरेच्या खोऱ्यात दातर्तीजवळ एक पाट नदी ओलांडून न्यायचा होता. त्यांनी पाणी नळातून पात्राखालून नेलं आणि पलीकडच्या काठाला चढवलं. पावसाळ्यात नदीच्या पुराला तोंड देत ते काम त्यांनी तडीस नेलं. तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आतबाहेर होतं.

आता हा मुलूख कसला, ते बागलाण, कळवण, साक्रीच्या लोकांना सांगायला नको. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर दगडी बंधारे, त्यातून निघालेले पाट आणि पाटाखालचे फड. एका फडात एकच पीक, दरसाल पिकाची फेरपालट, पाणी सोडायला गावचा पाटकरी आणि भांडण मिटवायला गावचे पंच. कुणाची शेती मोठी असो की लहान, फडाचा नियम सर्वांना सारखा. ही व्यवस्था आपल्या पूर्वजांनी कोणत्याही कॉलेजात न जाता बसवली होती.

पुढे विश्वेश्वरय्या पुण्याला कालव्यांच्या कामावर आले. तिथे त्यांनी पाहिलं की नीरा कालव्याच्या वरच्या भागातले थोडेच लोक उसाला बेसुमार पाणी घेतात. त्यांच्या जमिनी पाणथळ होतात आणि खालच्या गावांना थेंब मिळत नाही. यावर त्यांनी ब्लॉक पद्धत काढली. कालव्याखालच्या गावोगावच्या जमिनीत ठराविक गट पाडायचे, पाणी तेवढ्याच गटाला द्यायचं आणि गटात तीन भाग करायचे. एका भागात ऊस, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात कमी पाण्याची पिकं, आणि वर्षावर्षाला फेरपालट. पाणी तेवढंच, पण जास्त गावांत पोचायचं. आपल्या फडाशी याचं किती साम्य आहे, ते फड पाहिलेल्या माणसाच्या लगेच ध्यानात येईल.

पद्धत चांगली असली तरी ती सुखासुखी बसली नाही. ज्यांचं जादा पाणी तुटणार होतं, ते विरोधात गेले. मग लोकांना समजावून सांगणं आलं. १९०१ साली नेमलेल्या सिंचन आयोगानेही या पद्धतीची दखल घेतली. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ऊस ब्लॉक हा शब्द ऐकू येतो, त्याचं मूळ इथे आहे.

त्याच सुमाराला खडकवासल्याच्या तलावाचं पाणी दर पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जात होतं. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे आणि मिटणारे दरवाजे बसवले. पाणी सुमारे आठ फूट जास्त चढलं आणि साठा पाव हिश्श्यानं वाढला. धरणाची भिंत न वाढवता हे झालं. या दरवाजांचं त्यांनी पेटंट घेतलं होतं, पण सरकारी नोकरीत केलेल्या कामाचं मानधन मात्र घेतलं नाही.

इंग्रजी अमलात खात्यातली सर्वात वरची जागा देशी माणसाला मिळणं अवघड होतं. १९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादेत मुसा नदीला महापूर येऊन हजारो माणसं दगावली होती. निजाम सरकारनं त्यांना बोलावलं आणि पूर अडवण्यासाठी वरच्या अंगाला दोन तलाव बांधायची योजना त्यांनी आखून दिली. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले. १९११ साली कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं. १९१२ ते १९१८ ते म्हैसूर संस्थानचे दिवाण होते.

मंडळी, इथून पुढचा भाग नीट वाचा. धरण बांधून हा माणूस थांबला नाही. धरणाचं पाणी आलं तरी पीक घ्यायचं ज्ञान हवं, म्हणून १९१३ साली हेब्बाळला शेतीशाळा निघाली. पैसा हवा, म्हणून त्याच साली म्हैसूर बँक. व्यापारी आणि कारखानदार एका जागी बसावेत म्हणून १९१६ मध्ये चेंबर ऑफ कॉमर्स. त्याच वर्षी म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ मध्ये बंगळूरचं इंजिनिअरिंग कॉलेज. पुढे भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना तोट्यात होता, तोही त्यांनी हाती घेऊन सावरला. पाच-सहा वर्षांतली ही कामं वेगवेगळी दिसतात, पण माळ एकच आहे. इंजिनिअर, कारखाना आणि विद्यापीठ एकमेकांना विचारून चालले तरच देश उभा राहील, हे त्यांनी ओळखलं होतं. एकट्या इंजिनिअरची हुशारी कागदावर राहते, एकट्या कारखान्याला नवं ज्ञान मिळत नाही आणि एकट्या कॉलेजातल्या पोराला काम मिळत नाही.

हाच विचार पुढे नेऊन १९४१ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्यांनी ऑल इंडिया मॅन्युफॅक्चरर्स ऑर्गनायझेशन ही कारखानदारांची देशव्यापी संघटना उभी केली. नुसत्या मोठ्या गिरण्यांवर त्यांची भिस्त नव्हती. खेड्यांचे गट करून तिथेच छोटे उद्योग काढावेत, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात शेतीला जोडून दुसरी कमाई येईल, याची योजनाही त्यांनी मांडली. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाची शंभरी ओलांडून ते गेले.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. दिंडोरी रोडला मेरी ही पाटबंधाऱ्यांचं संशोधन करणारी संस्था १९५९ पासून आहे. सातपूर, अंबडला कारखाने आहेत आणि त्यांची निमा ही संघटना आहे. इंजिनिअर लोकांची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था १९२० पासून देशात काम करते, तिचं केंद्र नाशिकला आहे. राहुरीचं कृषी विद्यापीठ लांब नाही. विश्वेश्वरय्यांना जे एकत्र आणावं लागलं, ते आपल्याकडे तासा-दोन तासांच्या रस्त्यावर आहे. तरी चारीचं गेट दोन-दोन हंगाम मोडलेलं राहतं, कांदा चाळीत सडतो आणि फवारणीच्या यंत्राचा एक सुटा भाग मिळाला नाही म्हणून बाग खोळंबते. कारण या तिघांच्या बैठकीत चौथी खुर्ची शेतकऱ्याची, आणि ती बहुतेक वेळा रिकामी असते.

ती भरली की काय होतं, याचा दाखलाही जिल्ह्यातच आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर शेवटच्या गावांना पाणी पोचत नव्हतं. १९९० नंतर ओझरच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, पाणी मोजून घ्यायला सुरुवात केली, आणि पुढे सबंध प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आला. खात्याचे इंजिनिअर आणि शेतकरी एका सतरंजीवर बसले म्हणून हे जमलं. २००५ साली राज्यानं त्यासाठी कायदाही केला.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींना एक विनंती. येत्या १५ सप्टेंबरला हार-तुऱ्याचा खर्च करू नका. पाटबंधारे शाखेचे अभियंता, जवळच्या आयटीआयचे शिक्षक, एखादा वर्कशॉपवाला आणि कालव्याच्या शेवटाचे चार शेतकरी यांना चारीवर बोलवा. किती गेटं मोडली, पाणी कुठे मुरतं, मोजायची सोय कुठे आहे, हे सर्वांनी मिळून चालत जाऊन बघा आणि वहीत लिहा. कोणतं काम कोणी करायचं आणि किती दिवसांत, ते तिथेच ठरवा. रब्बीची पहिली पाळी सुटायच्या आत ही वही पुन्हा उघडा.