पंडिता रमाबाई आणि केडगावची फळबाग

ज्या 1882 साली आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच साली पंडिता रमाबाईंनी पुण्यास आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई आमच्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, हे वाचकांस ठाऊकच आहे. तथापि अनाथांच्या संस्थेने स्वतःच्या कमाईवर कसे उभे राहावे, हा प्रश्न त्यांच्याइतक्या धैर्याने हाताळणारी व्यक्ती आमच्या महाराष्ट्रात विरळा, म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

त्यांचा जन्म 1858 सालचा. आईबापांनी त्यांस संस्कृत विद्या दिली. पुढे दुष्काळाने ते आईबापच हिरावून नेले. कलकत्त्यास त्यांस 'पंडिता' ही पदवी मिळाली, 1880 साली विवाह झाला आणि दोन वर्षांतच पदरी तान्ही मुलगी असता वैधव्य आले. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तेथून त्या अमेरिकेस गेल्या. 1887 साली बोस्टन येथे त्यांच्या मित्रमंडळींनी एक मंडळ स्थापिले व विधवांच्या शाळेस दहा वर्षे साह्य करण्याचे अभिवचन दिले. त्या बळावर 1889 साली मुंबईस शारदा सदन निघाले व पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. 1893 साली धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या थोर सल्लागारांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. येथला आधार असा तुटला, आणि तेथल्या आधारास दहा वर्षांची मुदत!

देणगी हाती असतानाच ती संपेल तेव्हाचा विचार करणारे चालक थोडेच असतात. रमाबाईंनी तो केला. मुदत सरण्यापूर्वीच पुण्याहून रेल्वेने जवळ अशा केडगाव येथे त्यांनी सुमारे 100 एकर जमीन विकत घेतली, विहिरी खोदविल्या आणि संत्री, लिंबे, आंबे यांची झाडे लावली. फळे विकून शाळा चालावी, हा त्यांचा बेत. झाडास फळ येण्यास वर्षे लागतात. तेव्हा गरज पडण्याआधीच ते लावले पाहिजे, हा हिशेब आमच्या वऱ्हाडी शेतकऱ्यास समजावून सांगणे नको.

परंतु झाडे वाढत असतानाच 1896-97 चा दुष्काळ आला. स्वतः उपासमार भोगलेल्या या बाईस घरी स्वस्थ बसवेना. त्या मध्यप्रांतात गेल्या व सुमारे 300 मुली व विधवा आणविल्या. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडही होरपळले; त्या वेळी गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या व केडगावच्या मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. केवळ जमाखर्चाकडे पाहणाऱ्याने हे धाडस खचित केले नसते. बागेच्या उत्पन्नावर इतकी तोंडे कोठून पोसावी?

येथे रमाबाईंनी निराळा मार्ग धरला. हातमाग, तेलाचा घाणा, गाईम्हशी, शिवणकाम, शेती, छापखाना अशी कामे त्यांनी मुलींच्या हाती दिली. यातील पुष्कळसे कापड, तेल, दूध आश्रमातच खपे. पण जे विकत आणावे लागत नाही तेही कमाईतच जमा. अंध स्त्रियांसही काम शिकविण्यात आले. तरी संपूर्ण खर्च त्यातून कधी भागला नाही व परदेशच्या देणग्या अखेरपर्यंत लागल्याच, हे लपविण्याचे कारण नाही. आमच्या मते या उद्योगांचे मोल केवळ रुपयांत मोजणे बरोबर नव्हे. ज्या मुलीस गावाने अन्नाला महाग म्हणून टाकिले, ती विणलेल्या वस्त्राची धनीण झाली, याचा आकडा कोणत्या वहीत मांडावा?

1921 साली कन्या मनोरमा निवर्तली व 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. मूळ भाषांवरून त्यांनी सुबोध मराठीत केलेले बायबलचे भाषांतर तोवर पूर्ण ग्रंथरूपाने निघाले नव्हते. मुक्ती सदनातील स्त्रियांनी खिळे जुळवून व आपल्याच छापखान्यात छापून ते 1924 साली बाहेर काढिले.