इंग्रजीत कुठे ‘ए’ लावायचा आणि कुठे नाही, हे सांगणारी डिक्शनरी जपानमध्ये तयार झाली होती

‘सल्ला’ आपल्याकडे एक असतो, दोन असतात, चार माणसांचे चार सल्लेही असतात. पण इंग्रजीत ‘ॲन ॲडव्हाइस’ म्हटलं की चूक. ‘फर्निचर्स’ म्हटलं तरी चूक. शब्दाचा अर्थ पाठ असतो, तरी वाक्य चुकतं.

ही अडचण फक्त मराठी माणसाची नाही. जपानी भाषेतही ‘ए’ आणि ‘द’ यांच्यासारखे शब्द नाहीत. म्हणूनच यावरचा तोडगा लंडनमध्ये नाही, तर जपानमध्ये निघाला. तो काढणाऱ्यांपैकी प्रमुख नाव म्हणजे आल्बर्ट सिडनी हॉर्नबी.

हॉर्नबी यांचा जन्म 1898 सालचा, इंग्लंडमधल्या चेस्टर गावातला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांचं शिक्षण झालं. 1924 मध्ये ते जपानच्या क्यूशू बेटावरच्या ओइता शहरात इंग्रजी साहित्य शिकवायला गेले.

वर्गात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पोरांना साहित्याच्या आधी भाषेची गरज आहे.

त्या वेळी टोकियोत हॅरल्ड पामर नावाचे भाषातज्ज्ञ होते. इंग्रजी कशी शिकवावी यावर संशोधन करणारी संस्था त्यांनी 1923 मध्ये सुरू केली होती. हॉर्नबी त्यांच्या कामात सामील झाले. पुढे तेही टोकियोला आले.

इथे दोन गोष्टींवर काम चाललं.

पहिली गोष्ट म्हणजे कुठला शब्द कुठल्या शब्दासोबत येतो. आपल्याकडे चहाही कडक असतो आणि ऊनही कडक असतं. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ चालतो, पण जोराचा पाऊस ‘स्ट्राँग’ नसतो, तो ‘हेवी’ असतो. यामागे नियम सापडत नाही, वापर माहीत असावा लागतो. अशा जोड्या गोळा करून संस्थेने 1933 मध्ये त्यांचा अहवाल काढला.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. ‘टेल हिम टू गो’ बरोबर आहे, मग ‘सजेस्ट हिम टू गो’ चूक का? कारण प्रत्येक क्रियापदाचा वाक्यात बसण्याचा साचा ठरलेला असतो आणि या दोघांचे साचे वेगळे आहेत.

1936 मध्ये पामर इंग्लंडला परतले. पुढच्या वर्षी हॉर्नबी यांनी ई. व्ही. गेटनबी आणि एच. वेकफील्ड यांना सोबत घेऊन डिक्शनरीचं काम हाती घेतलं.

तोवरच्या मोठ्या डिक्शनऱ्या इंग्रजी येणाऱ्यांसाठी होत्या. वाचताना अडलेला शब्द त्यात सापडायचा. पण स्वतः वाक्य लिहायला बसलेल्या परदेशी माणसाला त्यातून फारशी मदत होत नव्हती. हॉर्नबींची डिक्शनरी नेमकी त्याच्यासाठी होती.

त्यांनी क्रियापदांचे 25 साचे ठरवले आणि कुठलं क्रियापद कुठल्या साच्यात बसतं त्याचे आकडे दिले. नामांना मोजता येणारं आणि न मोजता येणारं अशा खुणा केल्या.

ही खूण दिसायला छोटी आहे, पण अर्धं कोडं तिथेच सुटतं. मोजता येणारं नाम एकवचनात सहसा एकटं उभं राहत नाही, त्याच्या आधी ‘ए’, ‘द’ किंवा ‘माय’ असं काहीतरी लागतं. न मोजता येणाऱ्या नामाला ‘ए’ लागत नाही. त्यातही एकाच शब्दाचा अर्थ बदलला की खूण बदलते. लिहायचा कागद म्हणजे नुसता ‘पेपर’, पण सकाळी दारात पडतो तो ‘ए पेपर’.

हस्तलिखित तयार झालं आणि युद्ध येऊन धडकलं.

डिसेंबर 1941 मध्ये जपान आणि ब्रिटन एकमेकांचे शत्रू झाले. हॉर्नबी यांना नजरकैदेत ठेवलं गेलं. 1942 मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांची अदलाबदल केली, तेव्हा त्यांची सुटका झाली.

आणि त्याच 1942 मध्ये टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनाने ती डिक्शनरी छापली. लढाई चालू असताना शत्रूची भाषा शिकवणारं, शत्रूदेशाच्या नागरिकांनी लिहिलेलं पुस्तक जपानमध्ये निघालं.

हॉर्नबी पुढे ब्रिटिश कौन्सिलसाठी इराणला गेले आणि तेहरानमध्ये इंग्रजी शिकवू लागले. 1946 मध्ये ते इंग्रजीच्या शिक्षकांसाठी निघालेल्या एका नियतकालिकाचे पहिले संपादक झाले.

1948 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तीच डिक्शनरी नव्या नावाने पुन्हा काढली. पुढे ती ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून जगभर पोहोचली. महाराष्ट्रातल्या कित्येक शिक्षकांच्या टेबलावर आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांच्या खोलीवर दिसणारी जाडजूड डिक्शनरी ती हीच.

नाव झालं, पैसाही आला. 1961 मध्ये हॉर्नबी यांनी त्यातून एक ट्रस्ट उभा केला. परदेशातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना ब्रिटनमध्ये शिकायला मिळावं, म्हणून त्यातून शिष्यवृत्त्या दिल्या जाऊ लागल्या.

1978 मध्ये हॉर्नबी गेले.

डिक्शनरीच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यांचे 25 साचे नंतर बदलून सोपे करण्यात आले. पण नामापुढची ती खूण राहिली. आजही त्या डिक्शनरीत ‘ॲडव्हाइस’ काढला, तर त्याच्यापुढे न मोजता येणारं नाम असल्याची खूण दिसते. ती बघितली की ‘ॲन’ लावायचा की नाही, हा प्रश्न उरत नाही.