संत थॉमस मोर : घडवलेली सदसद्विवेकबुद्धी

दर वर्षी २२ जून रोजी ख्रिस्तसभा संत जॉन फिशर आणि संत थॉमस मोर या दोन रक्तसाक्षींचा सण एकत्र साजरा करते. पहिले महागुरू होते, तर दुसरे चार मुलांचे पिता. आमचे बहुतेक वाचक संसारी आहेत. म्हणून आज आम्ही दुसऱ्या संतांविषयी लिहीत आहोत.

थॉमस मोर यांचा जन्म १४७८ साली लंडन येथे झाला. वडील वकील होते, पुढे न्यायाधीश झाले. तरुण थॉमसही कायदा शिकले. पण मठवासी व्हावे की संसार करावा, हे ठरेना. सुमारे चार वर्षे ते लंडनच्या कार्थुसियन मठाच्या सान्निध्यात प्रार्थना व उपवास करीत राहिले आणि मगच त्यांनी विवाहाचा निर्णय घेतला. मठातले वळण मात्र सुटले नाही. उंची पोशाखाच्या आत ते जनावराच्या केसांचे खरखरीत वस्त्र घालीत. चेल्सी येथील घरात सर्वांची एकत्र प्रार्थना होई, आणि त्या काळात मुलींनाही लॅटिन व ग्रीक शिकवले जाई.

१५२१ साली राजा आठवा हेन्री याने लूथरच्या विरोधात सात साक्रामेंतांच्या समर्थनार्थ ग्रंथ प्रसिद्ध केला. परमगुरूंच्या अधिकाराविषयी त्यात फार ठामपणे लिहू नये, राजकारणात ते उद्या अडचणीचे ठरेल, असा सल्ला मोर यांनी राजाला दिला होता. राजाने ऐकले नाही. उलट त्याचेच म्हणणे वाचून मोर विचारात पडले. परमगुरूंचे श्रेष्ठत्व प्रभूने स्थापिलेले आहे याची तोवर त्यांना खात्री नव्हती. पुढची कित्येक वर्षे त्यांनी आद्य धर्मपंडितांचे व धर्मपरिषदांचे ग्रंथ अभ्यासले आणि त्यांचे मत बदलले. ज्या मतासाठी त्यांचा शिरच्छेद झाला त्याची सुरुवात राजाच्या पुस्तकातून व्हावी, हा विलक्षण योग आहे.

मन साफ आहे म्हणजे निर्णयही बरोबर आहे, असे पुष्कळ भाविक आम्हां धर्मगुरूंना सांगतात. ख्रिस्तसभेची शिकवण एवढी सोपी नाही. विवेकबुद्धीच्या निश्चित निर्णयाप्रमाणे वागलेच पाहिजे. पण ती चुकूही शकते, म्हणून तिला सत्याचे शिक्षण देणे हेही कर्तव्य आहे. मोर स्वतः याला अपवाद नव्हते. १५२९ ते १५३२ या काळात ते इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर होते. तेव्हा सहा जणांना पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आले आणि त्यांतल्या काही प्रकरणांत मोर यांचा हात होता. त्यांना ते कर्तव्य वाटले. संतचरित्रे हे पान बहुधा गाळतात. आम्हांला ते गाळावेसे वाटत नाही.

१६ मे १५३२ रोजी, इंग्लंडच्या धर्मगुरुवर्गाने राजापुढे मान तुकवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मोर यांनी पद सोडले. १५३३ साली अ‍ॅन बोलीनच्या राज्याभिषेकाला ते गेले नाहीत. १३ एप्रिल १५३४ रोजी लॅम्बेथ येथे त्यांच्यासमोर वारसाहक्काची शपथ ठेवण्यात आली. गादीचा वारस ठरवणे हा संसदेचा अधिकार आहे, तेवढी शपथ घेण्यास ते तयार होते. शपथेच्या मसुद्यात त्याहून अधिक मागितले होते. त्याला त्यांनी नकार दिला. कारण त्यांनी उघड केले नाही आणि शपथ घेणाऱ्या कोणालाही दोष दिला नाही.

लंडन टॉवरमधील तुरुंगवासात सर्वांत कठीण आघात घरच्यांचा होता. पत्नी अ‍ॅलिस त्यांच्या हट्टाला वैतागली. लाडकी मार्गारेट हिने, देवाच्या नियमात बसेल तेवढ्यापुरती, अशी पुस्ती जोडून शपथ घेतली होती. तिनेही वडिलांना विनवले. एका फिशर यांच्याखेरीज देशातले सारे महागुरू शपथ घेऊन मोकळे झाले होते. एवढे विद्वान चुकले आणि आपण एकटे बरोबर, हा अहंकार तर नव्हे? मोर यांनी हा प्रश्न टाळला नाही. इंग्लंडच्या महागुरूंपलीकडे सर्व काळांतील व सर्व देशांतील ख्रिस्तसभेकडे पाहिले, तर आपण एकटे नाही, हे त्यांचे उत्तर होते.

१ जुलै १५३५ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला चालला. मौन हा गुन्हा होत नाही, हे कायदेपंडित मोर जाणून होते. मग रिचर्ड रिच याने तुरुंगातल्या एका संभाषणाची साक्ष दिली. ती खोटी असल्याचे मोर यांनी शपथेवर सांगितले, पण ते दोषी ठरले. त्यानंतरच त्यांनी तोंड उघडले आणि संसदेला ख्रिस्तसभेचा मस्तक नेमता येत नाही, हे स्पष्ट सांगितले.

टॉवरकडे परत नेताना मार्गारेट पहारेकऱ्यांची फळी भेदून आत शिरली आणि तिने लोकांदेखत वडिलांना मिठी मारली. ६ जुलै रोजी शिरच्छेद झाला. आदल्या दिवशी, लेखनसाहित्य काढून घेतलेले असल्याने, मोर यांनी कोळशाने मुलीला पत्र लिहिले. त्या दिवशीची तिची मिठी आपल्याला फार आवडली, असे त्यात होते. पत्रासोबत त्यांनी ते केसांचे वस्त्रही घरी पाठवून दिले.