अध्यक्षांच्या खुर्चीतला इंजिनिअर

सभेच्या नोटिशीखाली बारीक टायपात छापलेली एक ओळ आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही, अशा अर्थाची. हाउसिंग सोसायटी असो, वाचनालय असो की डॉक्टर-वकिलांची संघटना, ही ओळ असतेच. एका जिल्ह्याच्या गावी इंजिनिअरांच्या संघटनेचा मी आठ वर्षे मानद चिटणीस आणि पुढे तीन वर्षे अध्यक्ष होतो. आमचे सभासद या ओळीचा मान राखून बरोबर अर्धा तास उशिरा येत. तोवर मी आणि आमचा शिपाई रिकाम्या खुर्च्या मोजत बसत असू.

अध्यक्षपदाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. संघटनेच्या ग्रंथालयाची खोली एका क्लासला भाड्याने द्यावी, असा प्रस्ताव ऐनवेळच्या विषयांत आला. भाडे चांगले येणार होते. व्याख्यानाचे पाहुणे येऊन ताटकळले होते, आत चहा उकळत होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सभासद बोलायला उभे राहिले. सारे त्यांना अण्णा म्हणत. वेळ झाली, असे सांगून मी त्यांना खाली बसवले आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाल्याचे जाहीर केले. इतिवृत्तातही तसेच लिहिले गेले. अण्णा रागावले नाहीत, पत्रही पाठवले नाही. नुसते यायचे बंद झाले. पुस्तके पोत्यांत भरून जिन्याखाली गेली. पुढच्या पावसाळ्यात त्यांना वाळवी लागली.

त्यानंतर काही महिन्यांनी मुंबईत फोर्टमधल्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळताना एक खिशात मावेल एवढे पुस्तक हाती लागले, ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’. अमेरिकेतले क्लब, चर्च, कामगार संघटना, व्यावसायिकांच्या संस्था आपल्या सभा ज्या नियमांनी चालवतात, ते हे पुस्तक. आपल्याकडची सभांची वहिवाट मुख्यतः इंग्रजी पार्लमेंटच्या वळणाने आलेली, त्यामुळे हे नाव मी फक्त ऐकून होतो. लेखक कोणी घटनापंडित असेल अशी माझी समजूत. पाहतो तो लष्करी इंजिनिअर! आपल्याच जातीचा माणूस भेटल्यासारखे वाटले आणि मी त्याची माहिती जमवायला लागलो.

हेन्री मार्टिन रॉबर्टचा जन्म २ मे १८३७ चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडील साउथ कॅरोलायना राज्यातला. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. मुलूख गुलामगिरीवर जगणारा आणि या गृहस्थांना गुलामगिरी नापसंत. ते कुटुंब घेऊन उत्तरेला ओहायोत निघून गेले. पुढे मुक्त झालेल्या काळ्या तरुणांसाठी निघालेल्या विद्यालयाचे ते पहिले प्रमुख झाले. त्याच विद्यालयाचे पुढे मोरहाउस कॉलेज झाले आणि तिथून १९४८ साली मार्टिन ल्यूथर किंग पदवीधर झाले. हे इतक्या तपशिलाने सांगितले, कारण भोवतालचे सगळे एका बाजूला असताना वेगळे मत बाळगण्याची किंमत काय असते, हे या मुलाने घरातच पाहिले होते.

वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून १८५७ साली तो वर्गात चौथा येऊन बाहेर पडला आणि इंजिनिअरांच्या दलात दाखल झाला. दोन वर्षांनी त्याला सॅन वान बेटावर पाठवले गेले. तिथे एका अमेरिकन वसाहतवाल्याने इंग्रज कंपनीचे एक डुक्कर बटाट्याच्या शेतात घुसले म्हणून गोळी घालून मारले होते आणि तेवढ्यावरून अमेरिका व ब्रिटन यांच्या फौजा समोरासमोर ठाकल्या होत्या. बावीस वर्षांच्या रॉबर्टने तिथे मातीची तटबंदी उभारली. सुदैवाने त्या डुकराखेरीज कोणी मेले नाही.

यादवी युद्धात दक्षिणेत जन्मलेला हा अधिकारी उत्तरेच्या बाजूने राहिला. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि मग न्यू बेडफर्ड या बंदराच्या संरक्षणाची कामे त्याने पाहिली. या न्यू बेडफर्डमध्ये १८६३ साली ती घटना घडली. चर्चमध्ये गावची एक सभा भरली होती. कसलीही पूर्वसूचना न देता लोकांनी या तरुण अधिकाऱ्याला अध्यक्षस्थानी बसवले. लष्करातला माणूस, हुकूम देण्याघेण्याची सवय. सभा चालवणे त्यात काय अवघड! पण खुर्चीत बसताक्षणी त्याला कळून चुकले की, कोणाला बोलू द्यायचे, कोणाला थांबवायचे, सूचनेवर उपसूचना आली तर आधी मत कशावर घ्यायचे, यातले आपल्याला काहीही ठाऊक नाही. सभेचा पुरता विचका झाला. यापुढे नियम माहीत झाल्याखेरीज कुठल्याही सभेला जायचे नाही, असे त्याने मनाशी ठरवले. एका पुस्तकात त्याला सभांच्या नियमांची काही पाने सापडली. त्यातले मोजके नियम कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवून तो चिटोरा त्याने अनेक वर्षे खिशात बाळगला.

आपल्यासारखा एखादा एवढ्यावर थांबला असता. पण १८६७ साली त्याची बदली सॅन फ्रान्सिस्कोला झाली. सोन्याच्या ओढीने वसलेले ते शहर. माणसे देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली. चर्चच्या, समाजसेवेच्या समित्यांवर काम करताना रॉबर्टच्या लक्षात आले की, भांडणे विषयावरून होतच नाहीत. प्रत्येक जण आपल्या गावची रीत हीच खरी रीत मानतो आणि भांडण तिथे लागते. त्याने त्या वेळचे नामांकित ग्रंथ मागवले, तर त्यांचेही आपसांत जुळेना. १८६९ च्या सुमारास त्याने मित्रमंडळींसाठी काही पानांची पुस्तिका छापली. तिने काम भागेना.

मग बदली मिलवॉकीला झाली. १८७४ चा हिवाळा कडक होता, सरोवरे गोठलेली, बंदराची कामे बंद. त्या रिकाम्या दिवसांत मेजर रॉबर्टने पुस्तक लिहायला घेतले. पत्नी हेलन हिने सुचवले की, ज्यांनी आयुष्यात सभा पाहिलेली नाही त्यांच्यासाठीही एक भाग हवा. तो त्याने जोडला. प्रकाशक तयार होईनात, तेव्हा पदरचे पैसे घालून त्याने ४,००० प्रती छापून घेतल्या. शिकागोच्या ग्रिग्ज या प्रकाशकाने त्या विकायचे कबूल केले. १९ फेब्रुवारी १८७६ रोजी १७६ पानांचे हे पुस्तक बाहेर पडले. त्यातल्या १,००० प्रती लेखकाने जाणकारांना नुसत्याच वाटल्या. एवढा साठा दोन वर्षे पुरेल असा त्याचा हिशेब होता. चार महिन्यांत सगळा संपला. लष्करी कामांत चोख असणाऱ्या या माणसाचा तेवढा एक अंदाज साफ चुकला!

पुस्तकात आहे तरी काय? एका वेळी एकच विषय. एका विषयावर एका सभासदाने दोनदाच बोलायचे, दर वेळी दहा मिनिटे. आणि ज्यांची पहिली पाळी व्हायची आहे ते बोलल्याशिवाय दुसऱ्यांदा नाही. बोलायचे ते अध्यक्षांना उद्देशून आणि समोरच्याच्या हेतूबद्दल नव्हे. अध्यक्षाला स्वतःला वाद घालायचा असेल तर त्याने खुर्ची सोडावी. मात्र डझनभर माणसांची समिती असेल तर एवढे सोवळे नको, तिथे अध्यक्षानेही मोकळेपणी बोलावे. इतिवृत्तात काय झाले ते लिहावे, कोण काय बोलले ते नव्हे. (आमच्या एका चिटणिसांची इतिवृत्ते कादंबरीएवढी असत. हा नियम मी त्यांना वाचून दाखवला, त्यांना तो आवडला नाही.) गणपूर्तीबद्दलचा त्याचा सल्ला तर गमतीदार आहे. हवा फारच वाईट नसेल त्या दिवशी जेवढी माणसे हमखास येतात, तेवढीच गणपूर्ती ठेवावी. आमच्या घटनेत ती एकूण सभासदांच्या एक तृतीयांश होती, म्हणूनच तर ती अर्ध्या तासाची पळवाट!

पण मी अडकलो तो वेगळ्याच दोन जागी. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात चर्चा बंद करायला साधे बहुमत पुरे होते. रॉबर्टने सामान्य संस्थांसाठी मुद्दाम दोन तृतीयांश मते मागितली. एक्कावन्न जणांनी एकोणपन्नासांचे तोंड बंद करावे, हे त्याला मान्य नव्हते. दुसरी जागा सर्वानुमताची. सर्वांची संमती आहे असे धरून अध्यक्षाने विषय जरूर उरकावा, पण आधी कोणाची हरकत आहे का, हे विचारावे. एकाने जरी हरकत घेतली, तरी विषय रीतसर सभेपुढे आलाच पाहिजे. मी विचारले नव्हते. विचारायची गरजही नव्हती म्हणा. अण्णा तर उभेच होते.

पुस्तक गाजले, पण रॉबर्टचा पेशा नद्या आणि बंदरांचाच राहिला. १९०१ साली तो इंजिनिअर दलाचा प्रमुख, ब्रिगेडियर जनरल झाला आणि दोन-तीन दिवसांतच वयोमानाने निवृत्त झाला. लगेच त्याला गॅल्व्हस्टनचे बोलावणे आले. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात टेक्सासच्या किनाऱ्यावरचे हे शहर समुद्राखाली गेले होते आणि किमान ६,००० माणसे मेली होती. रॉबर्ट, आल्फ्रेड नोबल आणि रिप्ली अशा तीन इंजिनिअरांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल जानेवारी १९०२ मध्येच हाती आला. १७ फूट उंचीची काँक्रीटची भिंत बांधा आणि शहराची जमीनच उचलून घ्या, असा! घरे, चर्चे जॅकवर चढवून खाली समुद्रातली वाळू भरण्यात आली. तिघांचीच समिती, नेमका एकच प्रश्न आणि ठरलेली मुदत. आमच्याकडे पार्किंगचा आराखडा ठरवायला अकरा जणांची समिती होती; ती अजून बरखास्त झालेली नाही.

पुस्तक निघाल्यापासून देशभरातून त्याला पत्रे येत. अमक्या सभेत असे झाले, आता काय करावे? उत्तरे देता देता त्याला पुस्तकातल्या उणिवा दिसत गेल्या. पंचाहत्तरीला त्याने ते नव्याने लिहायला घेतले आणि तीन वर्षे खपून १९१५ साली सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात जुना मजकूर पाव हिश्शाहूनही कमी उरला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गॅल्व्हस्टनवर पुन्हा मोठे वादळ आले. भिंत टिकली, आतले शहर थोडक्या हानीवर निभावले. रॉबर्ट ११ मे १९२३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हॉर्नेल गावी वारला. त्याच्या पुस्तकाची बारावी आवृत्ती २०२० साली निघाली.

मंजूर ठराव पुढे रद्द करता येतो, हेही त्याच पुस्तकात वाचले होते. आमच्या घटनेतही तशी तरतूद निघाली. पुढच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत मी स्वतःच्याच ठरावाविरुद्ध विषय घातला आणि अण्णांच्या घरी जाऊन नोटीस हातात दिली. ते आले. खुर्ची उपाध्यक्षांकडे देऊन मी समोर बसलो. अण्णा नऊ मिनिटे बोलले. हात मोजले, तर चोवीस विरुद्ध एकतीस. खोली क्लासकडेच राहिली.

चहाच्या वेळी अण्णांनी विचारले, पुस्तकांचे काय करणार? तिथल्या तिथे तिघांची समिती नेमली, तेही तिच्यात. दोन महिन्यांनी त्यांचा दीड पानी अहवाल आला. त्यात वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्याचे माप, लागणाऱ्या रॅकची संख्या आणि वाळवीच्या औषधाचा खर्च, एवढेच होते.