बाळू पालवणकर : संघात हवा, पंगतीत नको

खेळात अप्रामाणिकपणा म्हटला की आपल्याला मॅच फिक्सिंग आठवतं. पंच विकत घेतलेला नाही, चेंडू कुरतडलेला नाही, तरीही वर्षानुवर्षं चाललेली एक लबाडी बाळू पालवणकरांच्या वाट्याला आली.

चर्मकार समाजातल्या बाळूंचा जन्म 1876 चा, धारवाडचा. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे इंग्रजांच्या क्लबात चार रुपये झाले. तिथे साहेब लोकांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी टाकायची, मात्र बॅट हाती मिळायची नाही. त्यातून डावखुऱ्या फिरकीचा असा गोलंदाज घडला की पुण्याच्या हिंदू संघाला तो टाळता येईना. संघात घेतलं. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत, आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात. त्याच चेंडूला सगळ्यांचे हात लागत होते, त्यात विटाळ नव्हता!

मुंबईत गेल्यावर 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. त्या संघात बाळू होते आणि भाऊ शिवरामही. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी शंभरावर बळी घेतले. त्या काळच्या मुंबईतल्या तरुण आंबेडकरांना या माणसाचा अभिमान होता. पुढे त्यांच्या सत्कारासाठी त्यांनी पुढाकारही घेतला.

कर्णधारपद? ते कधीच मिळालं नाही. त्यांच्यापेक्षा कमी खेळलेल्यांना मिळालं, आणि दरवेळी गुणवत्तेचंच नाव पुढे केलं गेलं. 1920 मध्ये तर त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी खेळायला नकार दिला. हे दडपण कामी आलं. अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले आणि काही वेळ मैदानावर संघाचं नेतृत्वही त्यांच्याकडे आलं. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. तोवर बाळूंचे खेळायचे दिवस संपले होते.

आता थोडं अवघड. आपल्याकडे बाळूंचं चरित्र सांगताना बरेचजण इथेच थांबतात. पण दुसऱ्याच्या लबाडीवर बोलायचं आणि आपल्याला नको ते पान फाडायचं, हे चालणार नाही. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरोधात होते. 1932 च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. आपल्याच माणसाला आपल्या नेत्यासमोर उभं करण्याची चाल आजच्या कार्यकर्त्यांना नवी वाटणार नाही. लढत मात्र चुरशीची झाली, जवळपास दोन हजार मतांनी बाबासाहेब जिंकले.

बाळू वारले जुलै 1955 मध्ये, मुंबईत. त्यानंतर सव्वा वर्षाने नागपूरला धम्मदीक्षा झाली.