कोलोनसचा म्हातारा

आमच्या कोलशेतमध्ये खाडीच्या अंगाला जुने गावठाण आहे आणि रस्त्याच्या अंगाला आमच्यासारख्यांचे टॉवर. ठाणे शहराने पोटात घेतलेले हे गाव. आमच्या सोसायटीतल्या हौशी मंडळींनी एकदा ग्रीक शोकांतिका करायची ठरवली आणि प्रयोगाआधी लेखकाची ओळख करून देण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. पुस्तके चाळू लागलो आणि सुरुवातीलाच थबकलो. सोफोक्लीसचा जन्मही असाच अथेन्सच्या वेशीबाहेरच्या कोलोनस नावाच्या गावातला! आज तेही गाव अथेन्समध्ये विरघळून गेले आहे.

जन्म इ. स. पू. ४९६ च्या सुमाराचा. घर खाऊनपिऊन सुखी. इ. स. पू. ४८० मध्ये सलामिसच्या समुद्रात इराणी आरमाराचा पराभव झाला, तेव्हा विजयोत्सवात गाणाऱ्या मुलांच्या पुढे हा सोळा वर्षांचा देखणा पोरगा होता, असे सांगतात. पुढे इ. स. पू. ४६८ मध्ये नाट्यस्पर्धेत त्याने थोरल्या एस्किलसलाच हरवले. त्या मोठ्या उत्सवात त्याला अठरा वेळा पहिले बक्षीस मिळाले आणि तिसऱ्या क्रमांकावर तो कधीच गेला नाही म्हणतात. सुमारे सव्वाशे नाटके त्याने लिहिली. आपल्यापर्यंत पोचली ती अवघी सात.

हा माणूस नुसता लेखणीबहाद्दर नव्हता. अथेन्सच्या तिजोरीचा कारभार त्याने पाहिला, पेरिक्लीसच्या बरोबरीने सेनापतिपद सांभाळले. रंगमंचावर तिसरा नट त्याने आणला, कोरसमधली माणसे बारावरून पंधरा केली. स्वतः मात्र आवाज बारीक म्हणून नटाचे काम सोडले, अशी आख्यायिका आहे. प्रयोग उघड्यावर, डोंगरउतारावर, दिवसाउजेडी होत. बायकांची कामे मुखवटे लावून पुरुषच करत. बालगंधर्वांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये.

त्याचा ‘राजा ओयदिपौस’ पु. ल. देशपांडे यांनी १९७९ मध्ये मराठीत आणला. नगरात साथ पसरली आहे आणि लोक राजाच्या दारात आले आहेत, अशी त्या नाटकाची सुरुवात. २०२० नंतर ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आम्ही मात्र निवडले ते सोफोक्लीसचे शेवटचे नाटक. आंधळा, म्हातारा ओयदिपौस लेकीचा हात धरून एका गावाच्या वेशीवर येतो. मुलांनी त्याला हाकलले आहे. मरायला जागा हवी आहे. ते गाव म्हणजे लेखकाचेच कोलोनस.

संहिता आम्हीच मोडकीतोडकी बेतली. अडले ते कोरसपाशी. पंधरा गावकरी एका सुरात बोलणार म्हणजे लोक हसणार! पोशाख ग्रीक ठेवावा की आपला, यावरही दोन रात्री वाद झाला. शेवटी कुणीतरी साधी गोष्ट लक्षात आणून दिली. कोण तू, कुठून आलास, इथे बसू नकोस, असे दरडावणारी ती माणसे म्हणजे गेटवर अनोळखी म्हाताऱ्याला अडवणारे आपणच. मग कोरसने रोजचे कपडे घातले, हातात व्हिजिटर्सची वही घेतली. कुणी हसले नाही.

त्या वर्षी माझे वडील गावाकडचे घर बंद करून आमच्याकडे राहायला आले होते. वय शहाऐंशी. त्यांचे पासबुक, चेकबुक माझ्या कपाटात होते. अण्णांच्या आता काही लक्षात राहत नाही, असे मी आल्यागेल्याला त्यांच्यादेखत सांगत असे.

प्रयोगाच्या दिवशी अण्णा पहिल्या रांगेत होते. मी सोफोक्लीसच्या म्हातारपणाची गोष्ट सांगू लागलो. रोमच्या सिसेरोने ती सुमारे साडेतीनशे वर्षांनी लिहून ठेवली. बापाचे नाटकांत लक्ष, घराकडे दुर्लक्ष, म्हणून मुलांनी त्याला कोर्टात खेचले. याचे डोके चालत नाही, मालमत्ता याच्या हातून काढून घ्या. म्हाताऱ्याने तेव्हा लिहीत असलेले हेच नाटक न्यायाधीशांना वाचून दाखवले आणि विचारले, हे वेड्याचे लिहिणे वाटते का? तो सुटला. सांगता सांगता माझा आवाज बारीक झाला. समोर बघवेना.

इ. स. पू. ४०६ मध्ये, नव्वदीच्या आसपास, तो गेला. त्याच वर्षी, काही महिने आधी, प्रतिस्पर्धी युरिपिडीसच्या निधनाची वार्ता आली, तेव्हा त्याने काळी वस्त्रे घातली होती, असे सांगतात. शेवटचे नाटक पाच वर्षांनी त्याच्या नातवाने उभे केले. तोवर अथेन्स युद्ध हरले होते.

रात्री जेवताना अण्णांनी नाटकाविषयी काही म्हटले नाही. एवढेच विचारले की कोर्टातून तो म्हातारा घरी गेला, तेव्हा मुले त्याच्याशी बोलली का.

कुठल्या पुस्तकात हे मला सापडलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पासबुक आणि चेकबुक त्यांच्या उशाशी नेऊन ठेवले. त्यांनी चष्मा लावून शेवटची नोंद वाचली, आणि गेल्या महिन्याचे व्याज जमा झाले नसल्याचे मला दाखवून दिले.